पंधरा ज्यूल

ही गोष्ट खरी कशी घडली ते सांगायचं मी पंधरा-सोळा वर्षं टाळत आलो. अजिबात सांगितली नाही असं मात्र नाही. तिचा अर्धा भाग मी विनोद म्हणून कितीतरी वेळा सांगितला. शिक्षकांच्या खोलीत सांगितला, मुलाच्या लग्नात जेवताना व्याह्यांना सांगितला, एकदा तर सत्काराला उत्तर देताना व्यासपीठावरून सांगितला. "एका मुलीने पेपरात लिहिलं, दोन गाड्यांच्या मध्ये सुतळी बॉम्ब ठेवला असेल तरच हे होईल." एवढं म्हणून मी थांबायचो आणि लोक हसायचे. उरलेला अर्धा भाग, म्हणजे ती मुलगी बरोबर होती आणि मी चुकलो होतो, हा मी कोणालाच सांगितला नाही. बायकोलाही नाही. ती गेली तेव्हा तिलाही फक्त विनोदच माहीत होता.

मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. घाटकोपरच्या एका ज्युनियर कॉलेजात निवृत्तीपर्यंत, आणि नंतर तिथल्याच एका खासगी क्लासमध्ये. क्लासचा मालक माझा जुना विद्यार्थी. पालकांना माझी ओळख करून देताना तो म्हणायचा, "सरांची गणितं चुकत नाहीत." मी हात हलवून नको नको म्हणायचो, पण मला ते आवडायचं. खरं तर त्या वाक्यावरच माझं तिथलं स्थान होतं. बाकीचे शिक्षक तरुण होते, इंग्रजी फाडफाड बोलायचे. माझे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागलेले, आणि मी अकरावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. इंग्रजी मी मागाहून कष्टाने कमावलं होतं आणि ते कमावलेलं आहे हे कोणाला कळू नये अशी माझी धडपड असायची. हे इथे सांगतो कारण पुढे जे झालं त्यात याचाही हात आहे.

क्लासमध्ये दरवर्षी एक चाचणी व्हायची. त्या चाचणीत जो पहिला येईल त्याला खास बॅचमध्ये दोन वर्षं मोफत जागा. खास बॅच म्हणजे इंजिनीअरिंगच्या मोठ्या प्रवेश परीक्षांची तयारी. तिची फी सामान्य घराला झेपणारी नव्हती, त्यामुळे त्या एका जागेसाठी लांबून मुलं यायची. फिजिक्सचा पेपर मी काढायचो आणि मीच तपासायचो.

माझी एक सवय होती. ती बहुतेक सगळ्या मास्तरांना असते. दरवर्षी नवा प्रश्न रचत बसायचं नाही, जुन्या प्रश्नातले आकडे बदलायचे. मुलं मागच्या वर्षीच्या मुलांकडून उत्तरं पाठ करून येतात, आकडे बदलले की पाठांतर उघडं पडतं. हे काम चहा पिता पिता होतं. पंचवीसचे तीस करायचे, पाचचे चार करायचे, उत्तर पूर्णांकात आलं की पुढचा प्रश्न.

टकरीचा माझा एक ठरलेला प्रश्न होता. गुळगुळीत रुळावर दोन किलोची एक छोटी गाडी सेकंदाला सहा मीटर वेगाने जाते आहे. समोर एक किलोची दुसरी गाडी उभी आहे. टक्कर होते. टकरीनंतर दुसरी गाडी अमुक वेगाने पुढे जाते, तर पहिलीचा वेग किती? आणि टकरीत किती ऊर्जा नष्ट झाली?

पहिला भाग सोपा. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, आणि टकरीच्या आधीचा एकूण संवेग नंतरच्या एकूण संवेगाइतकाच राहतो. आधी बारा, नंतरही बारा. दुसऱ्या भागात गाड्यांची गतीची ऊर्जा आधी किती आणि नंतर किती ते काढून वजाबाकी करायची. टकरीत थोडी ऊर्जा आवाजात जाते, थोडी उष्णतेत जाते, म्हणून नंतरची कमी भरते. जुन्या प्रश्नात दुसऱ्या गाडीचा वेग सहा होता. मग पहिलीचा तीन येतो. ऊर्जा आधी छत्तीस ज्यूल, नंतर सत्तावीस, नऊ ज्यूल नष्ट. सगळं जागच्या जागी.

त्या वर्षी मी सहाचे दहा केले. दहा हा सोपा आकडा. पहिल्या गाडीचा वेग आला एक. पूर्णांक आला म्हणून मी खूश. मग ऊर्जा काढली. एक आकडा छत्तीस आला, दुसरा एक्कावन्न. मी वजाबाकी केली आणि उत्तराच्या जागी लिहिलं, पंधरा.

कुठला आकडा आधीचा आणि कुठला नंतरचा हे मी पाहिलंच नाही. टकरीत ऊर्जा कमीच होते हे इतकं अंगात मुरलेलं होतं, की मोठ्यातून लहान वजा केला आणि मोकळा झालो. खरं म्हणजे आठ ही त्या टकरीची हद्द होती. दुसरी गाडी आठाने गेली तर ऊर्जा जराही नष्ट होत नाही, आणि आठाच्या वर ती जाऊच शकत नाही. मी तिला दहाने पाठवलं. म्हणजे एका साध्या टकरीतून पंधरा ज्यूल ऊर्जा निर्माण केली, आणि वर मुलांना विचारलं, किती नष्ट झाली?

बहुतेक मुलांनी पंधरा लिहिलं. त्यांना आम्हीच घडवलेलं होतं. काहींच्या पेपरात पंधराच्या आधी वजाचं चिन्ह लिहून नंतर खोडलेलं दिसत होतं. ती खाडाखोड पाहून तरी मला कळायला हवं होतं. मी फराफरा पुढे तपासत गेलो.

त्या मुलीचा पेपर हातात आला तेव्हा पहिला भाग बरोबर होता. दुसऱ्या भागात तिने आकडे मांडले होते आणि त्याखाली, सबंध इंग्रजी पेपरात, मराठीत लिहिलं होतं: "टकरीनंतर ऊर्जा वाढलेली दिसते. असं होऊ शकत नाही. दोन गाड्यांच्या मध्ये सुतळी बॉम्ब ठेवला असेल तरच होईल. प्रश्नातला आकडा तपासावा."

मी ते नीट वाचलंसुद्धा नाही. सुतळी बॉम्ब दिसला आणि मराठी दिसलं. मला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. "तपासावा" हा शब्द तर फारच झोंबला. मी संपूर्ण प्रश्नावर लाल रेघ मारली, पहिल्या भागाचे गुणही दिले नाहीत आणि कडेला लिहिलं, "शहाणपणा नको." चहाला खाली गेलो तेव्हा बरोबरच्यांना ते वाक्य ऐकवलं. विनोद तिथे जन्माला आला.

निकाल लागला. तिला पहिल्या जागेसाठी दोन गुण कमी पडले. त्या प्रश्नाला पाच होते.

पुढच्या शंकांच्या तासाला ती पेपर घेऊन आली. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, खांद्यावर कापडी पिशवी. माहुलच्या कोळीवाड्यातली. रिफायनरीच्या वासातून दोन बस बदलून यायची हे मला नंतर कळलं. वर्ग भरलेला होता. ती माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "सर, हा प्रश्न एकदा बघाल का?"

"काय बघायचं त्यात? ये, फळ्यावर करू. सगळ्यांनाच कळू दे."

मी फळ्यावर आधीचा संवेग मांडला, नंतरचा मांडला. "बारा आणि बारा. बसलं?"

"हो सर. ते मलापण बसलं. खालचं."

मी आधीची ऊर्जा लिहिली, छत्तीस. मग नंतरची लिहायला घेतली. पहिल्या गाडीची एक. दुसऱ्या गाडीची पन्नास. बेरीज लिहिली आणि माझा हात थांबला.

मला त्या क्षणी कळलं. घरी गेल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी कळलं असतं तर हे लिहिण्याची वेळ आली नसती, मी कदाचित फोन करून दुरुस्ती केली असती. मला वर्गाकडे पाठ करून, खडू हातात असताना कळलं. एक्कावन्न खाली होते आणि छत्तीस वर. माझ्या मागे चाळीसेक मुलं होती. खाली रस्त्यावर पहिल्या आलेल्या मुलाचा फ्लेक्स लागला होता, त्यावर त्याचा फोटो आणि बाजूला माझा. आणि सरांची गणितं चुकत नव्हती.

मी फळ्यावर लिहिलं: एक्कावन्न वजा छत्तीस, बरोबर पंधरा. मुद्दाम त्या क्रमाने लिहिलं.

"हे बघ. पंधरा."

ती फळ्याकडे बघत राहिली. "सर, पण लॉस म्हणजे आधीची वजा नंतरची ना? मग ती लॉस नाही झाली. वाढलीय." मग तिने अगदी सरळपणे विचारलं, "सर, पंधरा ज्यूल आले कुठून?"

मी म्हणालो, "तुझ्या सुतळी बॉम्बमधून. दिवाळी लवकर आली वाटतं गं यंदा तुमच्याकडे?"

वर्ग हसला. मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, "सर, माहुलला रिफायनरी आहे ना, तिथनं आले असतील! फुकटात!"

"म्हणूनच वास येतोय यार," दुसरा म्हणाला.

तो वास मासळीचा की रिफायनरीचा, ज्याला जे घ्यायचं ते त्याने घेतलं. मी त्यांना गप्प केलं नाही. मीही हसलो. फळा पुसला, डस्टरने पुसायचा सोडून हाताच्या पंजाने पुसला, आणि म्हणालो, "चला, पुढची शंका."

ती रडली नाही. पेपराची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि जाऊन बसली. तास संपेपर्यंत बसून होती.

मालकाने त्या आठवड्यात विचारलं, "सर, एक मुलगी पेपरावरून भांडत होती म्हणे. काही गडबड नाही ना?"

"कसली गडबड? पेपरात बॉम्ब फोडलाय तिने," मी म्हणालो. तोही हसला.

मला अजूनही वाटतं, त्याने आणखी एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण हेही स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणतो. त्याने दहा वेळा विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं.

मग ती आईला घेऊन आली. खरं तर आईच तिला घेऊन आली. मी क्लासच्या जिन्यात होतो. आई नुकतीच मासळी विकून आलेली असावी. नऊवारीचा काष्टा, केसांत अबोली, हातात ओली पिशवी. मुलगी दोन पायऱ्या खाली भिंतीला टेकून उभी. माझी खात्री झाली की आता भांडण होणार, आणि कोळणीशी भांडणात मी टिकणार नाही. मी मनात उत्तरं जुळवायला लागलो.

आईने हात जोडले.

"मास्तर, पोर लहान हाय. आगाव लिवलं तिनं. आमच्या घरान कोन शिकलेलं नाय, तिला काय म्हाईत पेपरान काय लिवाचा. रागवू नका. तिला क्लासमधनं काढू नका."

काढण्याचा विषयच नव्हता. ती साध्या बॅचला फी भरून बसणार होती, तिच्या आईला वाटलं होतं की माझ्या रागामुळे तेही जाईल.

"अहो, तसं काही नाही," मी म्हणालो.

"नाय, चूक ती चूक. ये गो इकडं. पाया पड सरांच्या. सॉरी बोल."

मुलगी दोन पायऱ्या चढून वर आली. खाली वाकली. वर बघितलं तेव्हा क्षणभर तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे प्रश्नच होता, फळ्यापाशी विचारलेला तोच.

"सॉरी सर," ती म्हणाली.

मी म्हणालो, "ठीक आहे. पुन्हा असं करू नकोस."

माझ्या तोंडून हे गेलं. ज्या माफीचा धनी मी नव्हतो, जी मी मागायला हवी होती, ती मी त्या जिन्यात उभा राहून घेतली. वर समज दिली.

आईने ओली पिशवी माझ्या हातात दिली. नको म्हणालो तर ऐकेना. "खाडीच्या हायत, ताज्या. घरान बायकोला द्या." पिशवीत दोरीने बांधलेल्या जिवंत चिंबोऱ्या होत्या. नाहूरला घरी येईपर्यंत त्या आत खुडखुड करत होत्या. आम्ही कोकणातले लोक चिंबोऱ्यांना कुर्ल्या म्हणतो. बायकोने पिशवी उघडली आणि हरखली. "अगो बाई! भरलेल्यो आसत. खंय गावल्यो ह्यो?"

"एका पालकांनी दिल्या."

"चांगली मान्सां दिसतत."

तिने वाटप घालून केल्या. मी जेवलो. पुन्हा वाढून घेतल्या. हेही लिहायला हवं म्हणून लिहितो.

पुढच्या वर्षी पेपर काढताना मी दहाचे पुन्हा सहा केले. कोणाला काही बोललो नाही. प्रश्न दुरुस्त केला आणि तिचे गुण तसेच राहिले. ज्या मुलाला ती जागा मिळाली तो भला मुलगा होता. त्यानेही पंधराच लिहिलं होतं. आता तो परदेशात असतो, दर गुरुपौर्णिमेला मला मेसेज पाठवतो, "तुमच्यामुळे घडलो." मी हात जोडल्याचं चित्र पाठवतो.

ती मुलगी काही महिने साध्या बॅचला आली. पुढे तिने एकदाही शंका विचारली नाही. मी फळ्यावर लिहीन ते उतरवून घ्यायची, चुकलेलं असलं तरी. एकदा मी खरोखरच घाईत एक चिन्ह चुकवलं, आणि तिच्याकडे पाहिलं. तिने ते चुकीचं चिन्ह तसंच उतरवलं. नंतर ती यायची बंद झाली. मुलं क्लास सोडतातच, मी म्हटलं.

बायको गेल्यानंतर मुलगा अंधेरीहून दर रविवारी येतो, बाकी मी एकटाच असतो. साखरेची तपासणी दर महिन्याला करावी लागते. मुलाने एका लॅबशी ठरवून दिलं, माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो. मागच्या वर्षी एका सकाळी बेल वाजली. दारात तिशीची एक बाई, लॅबचा निळा कोट, हातात डबा. तिने आत येऊन माझी बाही वर केली, पट्टा बांधला आणि मग हसून म्हणाली, "सर, तुम्ही मला ओळखलं नाही."

मी खरंच ओळखलं नव्हतं.

"मी माहुलची. घाटकोपरला तुमच्या क्लासला होते. सुतळी बॉम्ब!"

माझा हात पट्ट्यात होता. तो ओढून घेता आला नाही.

"अरे, हात थंड पडला तुमचा. मूठ आवळा सर. हां. किती आगाऊ होते ना मी? आईने मला केवढं हाणलं होतं घरी गेल्यावर. तुम्ही काही मनावर घेतलं नाहीत, दुसरे सर असते तर हाकलून दिलं असतं."

सुई टोचली. काळपट रक्त नळीत येत होतं. मी विचारलं, "मग पुढे सायन्स?"

"कसलं सर. अकरावीतच कळलं, आपल्याला नाही जमणार. मला ना, उगाच वाटायचं मला समजतं. फळ्यावर तुम्ही करून दाखवलं तरी माझ्या डोक्यात शिरेना की पंधरा कसे आले. म्हटलं, सगळ्या वर्गाला कळतंय आणि मलाच नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे. मग आर्ट्‌सला गेले, नंतर हा कोर्स केला. बरं चाललंय. सोडा मूठ."

कापूस दाबून धरायला सांगून ती नळीवर नाव लिहू लागली. मी कापूस दाबून बसलो. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तिने सगळंच माझ्यासमोर मांडून ठेवलं होतं, मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "चहा घेणार?"

"नको सर, अजून मुलुंडला दोन पेशंट आहेत. तुम्ही आधी नाश्ता करा, उपाशी आहात."

त्यानंतर ती दर महिन्याला येऊ लागली. लॅबला सांगून तिने नाहूरचा भाग मागून घेतला, आमच्या सरांकडे मीच जाते म्हणाली. मी दर महिन्याला वाक्य तयार ठेवायचो. पहाटे उठून मोठ्याने म्हणून पाहायचो. बेल वाजली की ते नाहीसं व्हायचं. ती आईचे गुडघे सांगायची, नवऱ्याची नोकरी सांगायची, माझ्या औषधांच्या पट्ट्या तपासायची, दुधाची पिशवी बाहेर राहिली असेल तर आत आणायची. माझ्या घरी येणारं दुसरं होतं कोण? खरं सांगितल्यावर ती येणं बंद करील, ही भीती वाढत गेली. आधी मी अब्रूसाठी गप्प बसलो होतो, आता सोबतीसाठी बसू लागलो.

या वर्षी एका सकाळी तिने मोबाइलवर मुलीचा फोटो दाखवला. पाचवीतली मुलगी, आईसारखेच केस घट्ट बांधलेले.

"हुशार दिसते," मी म्हणालो.

"प्रश्न फार विचारते, सर. तिच्या बाई म्हणतात स्कॉलरशिपला बसवा, गणित चांगलं आहे. मी नको म्हटलं."

"का?"

"आमच्या घरात ते डोकं नाही, सर. मला माहितीय ना. आता तिला वाटतंय तिला येतं. उद्या कुठेतरी सगळ्यांसमोर आपटेल. मला जे झालं ते तिला कशाला?" ती हसत होती. "तुम्हाला तर माहीतच आहे."

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला, पुढचा पेशंट ओरडत होता. ती डबा उचलून उठली. "रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकते, सर." जाताना तिने दार ओढून घेतलं.

पुढच्या महिन्यात दुसराच मुलगा आला. तिला पवईच्या बाजूला टाकलं म्हणाला. माझ्याकडे तिचा नंबर आहे. रिपोर्ट अजूनही तीच पाठवते, खाली लिहिते, "गोड बंद करा सर." म्हणजे सांगता येणार नाही अशी कोणतीही अडचण नाही.

एकदा मी फोन लावला. ठरवून, पाणी पिऊन, खुर्चीत बसून लावला.

"बोला सर! रिपोर्ट मिळाला ना?"

"मिळाला."

"वाढलीय बघा. काय खाताय?"

"काही नाही. मुलीचं काय ठरलं?"

"कसलं?"

"स्कॉलरशिपचं."

"ते होय! नाही बसवलं, सर. फॉर्मची तारीखपण गेली. तिने दोन दिवस तोंड फुगवलं, आता डान्सला जाते. आता नाही विचारत काही. बरी शांत झालीय." मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. "सर? ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"अजून काही काम होतं?"

"नाही. सहज केला. ठेव."

तिने ठेवला.

या लिखाणात मी कोणाचंही नाव घातलेलं नाही. तिचा संकोच व्हायला नको असं मी स्वतःला सांगितलं, पण त्यातही माझाच भित्रेपणा आहे. हे छापलं गेलं तरी तिच्या हाती पडेल असं नाही, पडलं तरी ती वाचेल असं नाही. पुढल्या महिन्यात पुन्हा रिपोर्ट येईल, आणि मी हात जोडल्याचं चित्र पाठवीन.

त्या दिवशी खुर्चीत बसून तिला सांगायचं होतं ते एवढंच होतं:

बाळ, तुझं उत्तर बरोबर होतं. ते पंधरा ज्यूल कुठूनच आले नव्हते, आकडा मी चुकवला होता, आणि फळ्यापाशी उभा असताना मला ते कळलं होतं. सगळ्या वर्गात फक्त तुलाच समजलं होतं. तुझ्या घरात ते डोकं आहे. तुझ्या मुलीला प्रश्न विचारू दे. जिन्यात तू वाकलीस तेव्हा मी वाकायला हवं होतं. मला माफ कर.